बिनखुणेचे सोळा जोड

ता. ६ जानेवारी

टकू,

आशीर्वाद नेहमीचेच, ते तू धरून चाल. मला वेळ कमी आणि अक्षर वाईट, म्हणून कामाचं आधी लिहिते.

तू त्या कंपनीत कॉम्प्युटरवर याद्या लावतेस ना? मागे एकदा लिहिलं होतंस की लोकांची माहिती नीट लावून ठेवायची आणि हवी तेव्हा चटकन काढून द्यायची, हेच काम. तेव्हा मी म्हटलं होतं, हे काय काम, कपाट लावल्यासारखं. आता मला तेच कपाट लावून हवंय. दुकानातल्या फर्म्यांचं.

दुकानात चारशे बारा लाकडी पावलं आहेत. मी परवा मोजली. ज्यांचे पाय वाकडे, आखूड, सुजलेले, कुणाला बोटं नाहीत, अशा गिऱ्हाइकांच्या पायांचे फर्मे. त्यावरच तुझा बाप बूट बेततो, हे तुला मी सांगायला नको. आणि एकाही फर्म्यावर नाव नाही, हेही तुला माहीत आहे. माणसाला पायाची लाज असते. फळीवर कुणाचा पाय ठेवलाय ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून दादाने नावाऐवजी खुणा कोरल्या. मासा, किल्ली, होडी, तीन टिंबं. कुठली खूण कुणाची ते त्याच्या डोक्यात. मला चाळीस-पन्नास ठाऊक, बाकी अंधार.

औषधाच्या दुकानवाल्याने नवा कॉम्प्युटर घेतला, जुना आम्हाला दिला. तो बंद पडून शोभेला बसण्याआधी त्यात हे सगळं भरायचं आहे. चौथी शिकलेल्या बाईला जमेल असं कर.

फोन करू नकोस. फोन दुकानात आहे आणि तुझा बाप त्याच्या शेजारी बसतो. पत्र बेकरीवालीच्या पत्त्यावर टाक.

आत्या

ता. १४ जानेवारी

आत्या,

नमस्कार. पत्र मिळालं.

अशी यादी माणसं कधी करतात ते मला माहीत आहे. दुकान विकायचं असलं की आधी मोजदाद होते. तसं असेल तर सरळ लिही. मला त्या दुकानात वाटा नको, फळीवरचं एक लाकूडही नको. पण मला न सांगता माझ्याच हातून विक्रीची यादी करून घ्यायची, हे काही बरं नाही.

आणि हे त्यांनीच सांगितलं असेल, तर त्यांना स्वतः लिहिता येतं.

मी विसरलेले नाही, आत्या. नवा बूट हातात देताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आठ दिवस घाला. दुखलं तर या." अगदी त्या तिरसट घड्याळजीलासुद्धा. आणि मी त्यांचे बूट दारात काढून, बाजारातले साधे बूट घालून निघाले, तेव्हा मला म्हणाले, "पाय दुखले तर माझ्याकडे येऊ नकोस." बास, एवढंच. नऊ वर्षं मी ते वाक्य पाळतेय. दुखतात, पण पाळतेय.

टकू

ता. १९ जानेवारी

टकू,

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तुझ्याही अंगात तोच पीळ आहे, बाप काही वेगळा नाही. नऊ वर्षं तुम्हा दोघांमध्ये मी निरोप्या झालेय. इकडचं तिकडे सांगते, तेही अर्धं गाळून. "पोरीचं बरं चाललंय," एवढं त्याला. "दादा बरा आहे," एवढं तुला. आता दुसरं खोटं आहे.

दुकान कोण विकतंय? घेणार तरी कोण? ऐक. शाळेतल्या बाईंचा बूट त्याने पोस्टमनच्या फर्म्यावर शिवला. पूर्ण शिवला, टाच लावली, पॉलिश केलं. बाईंनी पाय घालून बघितला आणि माझ्याकडे बघायला लागल्या. दादा म्हणाला, "ताई, तुमचा पाय बदललाय." चाळीस वर्षांत त्याचा फर्मा चुकला नव्हता.

मग मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. दादाने तबकडी सुरेख काढली, गोल म्हणजे कंपासने काढल्यासारखी, आणि आकडे सगळे एका बाजूला कोंबले. डॉक्टर म्हणाला, अजून बरेच दिवस चांगले असतील, पण जे विचारून घ्यायचं ते आताच घ्या.

म्हणून यादी. त्याच्या डोक्यातल्या खुणा तो विसरायच्या आत दुसरीकडे उतरवायच्या आहेत. त्या नाही उतरल्या, तर तो गेल्यावर नव्हे, तो असतानाच दीडदोनशे माणसं अनवाणी होतील. बाजारातला बूट त्यांना चालत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

त्याने काही सांगितलेलं नाही. त्याला मी सांगितलंय की सरकारी नियम आलाय. नियमावर चिडतो, पण बसतो सांगायला.

करतेस की नाही, ते एका ओळीत कळव.

आत्या

ता. २ फेब्रुवारी

आत्या,

करतेय. केलं. माफ कर.

ते घड्याळाचं चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

आता नीट सांगते, कारण तू न समजता बटणं दाबणारी नाहीस. आत दोन तक्ते आहेत. एक माणसांचा, प्रत्येक माणसाला एक नंबर. दुसरा फर्म्यांचा: खूण, डावा की उजवा, लांबी, चवड्याची रुंदी, टाचेची उंची, आणि मालक म्हणून त्या माणसाचा नंबर. त्यामुळे पोस्टमनचा पत्ता बदलला तर एकाच जागी बदलायचा, फर्म्यांना हात लावायचा नाही. या अशा जोडलेल्या तक्त्यांना डेटाबेस म्हणतात.

हा डेटाबेस फार ताठ असतो. त्याची भाषा वेगळी, एक स्वल्पविराम चुकला तरी तोंड फिरवतो. म्हणून मी तयार हत्यारपेटी वापरलीय, आम्ही तिला लायब्ररी म्हणतो. मी माझ्या भाषेत लिहायचं, "हा माणूस, हे त्याचे फर्मे", आणि ती पेटी ते डेटाबेसच्या भाषेत सांगते. त्याचं उत्तर आलं की परत माझ्या भाषेत आणून देते. दोघांना एकमेकांची भाषा शिकावी लागत नाही.

नियमही घातलेत, म्हणजे चुकीची माहिती आत जाणारच नाही. प्रत्येक फर्म्याला मालक हवाच. आणि एका माणसाचा एकच डावा, एकच उजवा, दोन्ही हवेतच. दुकानाची रीत तशीच आहे ना? मुलांचा पाय वाढला की जुना फर्मा तासून त्याहून लहान मुलाला वापरायचा, लाकूड वाया घालवायचं नाही. तेच नियमात लिहिलंय. फर्म्यांवर नाव नाही तसं इथेही उघड्यावर नाव दिसणार नाही. परवलीचा शब्द टाकलास तरच दिसेल. तो मी "आत्या" ठेवलाय, तू बदल.

पोस्टाने पेन ड्राइव्हची काडी पाठवलीय. ती कॉम्प्युटरला लावलीस की पडद्यावर बुटाचं चित्र येईल, त्यावर दोनदा टिचकी मार. आकडे वाढलेत ना तुझे, म्हणून अक्षरं मोठी ठेवलीत. चष्म्याचे, वयाचे नव्हेत.

ते जेवतात का वेळेवर?

टकू

ता. ११ फेब्रुवारी

टकू,

जेवतो. तुझ्यापेक्षा जास्त जेवत असेल.

तुझी ती पेटी माझ्यासारखीच दिसतेय. दोन ताठ माणसांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करणारी. फरक एवढाच, ती गाळत नाही काही.

आता शिव्या ऐक. पहिल्याच दिवशी सुतार काढला. सुताराला उजवा पाय आहे, डावा गुडघ्याखाली लाकडाचा. मी उजवा भरला, तर तुझं यंत्र लाल झालं, "डावा फर्मा भरा." कुठून भरू? मी तीनदा "नाही" म्हटलं, ते तीनदा लाल. दादा मागून बघत होता, म्हणाला, "त्याला सांग, तो पाय सुताराने स्वतःच केलाय, त्यालाच विचार." आम्ही दोघं इतकं हसलो की बेकरीवाली आली बघायला. उंटावरून शेळ्या हाकल्या की असं होतं. पाय मोजताना माणूस समोर लागतो, हे तुझ्या बापाने तुला शिकवलं नव्हतं का?

पण दुसरं ऐक, ते हसण्यासारखं नाही. मंगळवारी दादाचा दिवस फार चांगला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकतीस फर्मे सांगितले. खूण बघितली की नाव, नावाबरोबर सगळी हकिकत. होडीवाला माणूस जहाजावर स्वयंपाकी होता, त्याच्या पायावर पातेलं पडलं. तीन टिंबांवाली बाई तीन बहिणींतली मधली. मी भरत गेले. पडद्यावर एकाखाली एक छान दिसत होते सगळे. संध्याकाळी कुलूप लावायच्या वेळी कॉम्प्युटर बंद केला.

सकाळी उघडला तर पाटी कोरी.

मी पुन्हा दादाला बसवलं. त्याला वाटलं, पहिल्यांदाच बसतोय. चोवीस सांगितले, ते या वेळी मी वहीतही उतरवले. सात फर्मे हातात घेऊन उलटेसुलटे करत राहिला. एकदा तर रापी घेऊन खूण अजून खोल कोरायला गेला, जणू खूण पुसट आहे म्हणून दिसत नाही. मी हात धरला.

सात माणसं, टकू. काल होती, आज नाहीत. हे कसं काय झालं ते मला सांग, आणि मला समजेल असं सांग.

आत्या

ता. १६ फेब्रुवारी

आत्या,

चूक माझी आहे. तुझी नाही, त्यांची नाही, यंत्राचीही नाही.

त्या पेटीची एक पद्धत असते. तू भरतेस ते ती लगेच डेटाबेसात लिहीत नाही. आधी आपल्या मनात धरून ठेवते. पडद्यावर दिसतं, पण ते अजून तिच्या मनातच असतं. शेवटी "पक्कं करा" असं सांगितलं की मग सगळं एकदम लिहून टाकते. न सांगता बंद केलं तर ती समजते की तुझा विचार बदलला, आणि सगळं सोडून देते. हे मुद्दाम असतं, मध्येच वीज गेली तर अर्धवट माहिती आत राहू नये म्हणून. खाली उजव्या कोपऱ्यात मी "पक्कं करा" असं बटण ठेवलं होतं. तुला सांगायला विसरले. मला ते इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगावं लागतं हेच सुचलं नाही.

आता बदललंय, नवी काडी याबरोबर पाठवतेय. एक फर्मा भरलास की तो त्याच क्षणी पक्का होईल, भरलेल्यात नंतर काही बदललंस तरच ते बटण लागेल. सुताराचाही नियम काढला, एकच पाय चालेल. आणि त्या सातांसाठी मालकाचा रकाना रिकामा ठेवायची सोय केलीय. मालक नाही म्हणून फर्मा बाहेर राहायला नको. खूण आणि मापं भरून ठेव. नाव नंतर कळलं तर लिहिता येईल.

मी त्या सातांचा विचार करत असते. कामावर बसल्या बसल्या करते. होडीवाला त्यात आहे का?

मनात धरून ठेवायचं आणि पक्कं करायचं नाही, यात मी पटाईत आहे, हे मला तुझं पत्र वाचल्यावर कळलं. दर वर्षी एक पत्र त्यांना लिहिते आणि टाकत नाही. हे त्यांना सांगू नकोस.

टकू

ता. ८ मार्च

टकू,

सांगितलं नाही. पण मनातलं दुसऱ्याला कळावं अशी अपेक्षा करायची आणि तोंड शिवून बसायचं, हा गाढवपणा आहे. दोघांचाही. तुझ्या पेटीला तरी एक बटण आहे.

कामाचं. तीनशे नव्वद झाले. होडीवाला वाचला, तो चोवीसात होता. उरलेल्या सातांचं मी काय केलं सांगू? फर्मे पुढच्या टेबलावर मांडले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला म्हटलं, पाय ठेवून बघा बरं. आधी लोक लाजले. मग घड्याळजी आला, तोच तिरसट. त्याने एक फर्मा उचलला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हा माझ्या बायकोचा." तिला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या पायाला टाचेशी खळगा होता म्हणे, रोज तेल लावून द्यायचा. मी ते नाव भरलं. त्याला विचारलं, रीतीप्रमाणे हा फर्मा तासून आता दुसऱ्याला वापरायचा का? म्हणाला, "वापरा की. चालू दे तिचा पाय." त्याच्यासारखा माणूस आणि एक शब्द वाकडा बोलला नाही.

असे पाच सुटले. दोन राहिलेत. एकावर पक्षी आहे, एकावर नुसती आडवी रेघ.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते. काल दादाच्या पलंगाखालची पेटी ओढली, झाडायला म्हणून. जुन्या कातड्यात गुंडाळलेले फर्मे निघाले. सोळा जोड. सगळ्यात लहान माझ्या तळहाताएवढा. मग त्याहून थोडा मोठा, त्याहून मोठा. एकावरही खूण नाही. दुकानातल्या प्रत्येक लाकडावर काहीतरी कोरलेलं आहे, आणि यांच्यावर रेघोटीसुद्धा नाही.

मी दादाला विचारलं, कुणाचे? म्हणाला, "माझे."

मी म्हटलं, तुझा पाय एवढासा कधी होता? तर चिडला. "माझे म्हणजे माझे. लिही." मी लिहिलं. आपलं ठरलंय ना, तो सांगेल ते लिहायचं. तर तुझं यंत्र लाल. "या माणसाचा डावा फर्मा आधीच आहे." दादाचा स्वतःचा जोड मी पहिल्याच आठवड्यात भरला होता. एका माणसाचा एकच डावा, एकच उजवा, हा नियम तूच घातलास. आता काय करू ते सांग. बत्तीस लाकडं टेबलावर पडलीत आणि तो ती कुणाला हात लावू देत नाही.

मापं खाली लिहितेय, तू तपासून घे म्हणून. सगळ्यात लहान जोड: उजवा चौदा सेंटीमीटर, डावा तेरा. सगळ्यात मोठा: उजवा तेवीस, डावा एकवीस. सोळाच्या सोळा जोडांत डावा आखूड, आणि डाव्याची टाच आतल्या बाजूला झुकलेली.

मला बघताक्षणी कळलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुला कळलं नाही तर तू माझी भाची नाहीस.

आत्या

ता. १३ मार्च

आत्या,

नियम काढला. एका माणसाचे आता कितीही फर्मे भरता येतील. एका ओळीचा बदल होता. ती एक ओळ बदलायला मला पूर्ण दुपार लागली, कारण पडदा दिसत नव्हता.

मला वाटायचं, माझे सगळे तासले. रीतच तशी. मी सात वर्षांची असताना माझ्या पाचव्या वर्षाचा फर्मा दुसऱ्या मुलीसाठी तासताना मी त्यांना बघितलं होतं, असं मला पक्कं आठवतं. मी रडले होते. ते म्हणाले होते, "लाकूड आहे, टकू, पाय नव्हे." मग तो दुसराच कुठला तरी असणार. किंवा मी रडले म्हणून त्यांनी दुसऱ्या लाकडावर काम केलं असेल. हे आता कुणाला विचारायचं?

म्हणूनच तो नियम मी डोळे झाकून लिहिला. या दुकानात कुणाच्याही नावावर एकाहून जास्त जोड असूच शकत नाहीत, याची मला खात्री होती.

मालक म्हणून त्यांचंच नाव राहू दे. ते चुकीचं सांगत नाहीत.

खूण का नाही तेही मला कळतंय. जे विसरू अशी धास्ती असते, त्यावर माणूस खूण करतो.

रजा मागितलीय. बावीस तारखेला सकाळी पोचेन. त्यांना आधी सांगू नकोस. घाबरतील की चिडतील, मला माहीत नाही. आणि खरं सांगू? मला न ओळखण्याइतकं पुढे गेलं असेल तर तेही मला आधी सांगू नकोस. मग मी गाडीतच बसणार नाही.

टकू

ता. २ एप्रिल

टकू,

पोचल्याचं कळवलं नाहीस. आठ दिवस राहिलीस, घरभर फिरलीस, भिंतीतल्या फळ्यांवर नंबर चिकटवलेस, मला तीन वेळा "पक्कं करा" शिकवलंस, आणि एक गोष्ट विचारली की तोंड फिरवत होतीस. मी बेकरीत होते तेव्हा तू आलीस. अर्ध्या तासाने मी येऊन बघते तर तू स्टुलावर अनवाणी आणि तो तुझा पाय मांडीवर घेऊन बसलेला. मधल्या वेळात काय झालं? त्याला विचारून उपयोग नाही. आता लिही. लिहिताना तोंड फिरवता येत नाही.

आत्या

ता. ७ एप्रिल

आत्या,

लिहिते.

दार उघडं होतं. मी तीन पायऱ्या चढले. ते खिडकीशी आरी घेऊन बसले होते, पाठ माझ्याकडे. तुला माहीत आहे माझं चालणं, एक पाऊल टक आणि एक पाऊल फरफट. त्यावरूनच तर त्यांनी नाव ठेवलं. मी पायऱ्या चढत असताना त्यांचा हात थांबला. वळले नाहीत. मला वाटलं, ओळखलं.

मग वळले आणि माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. थेट पायांकडे. म्हणाले, "हे कुणी केलं?"

मी दारातच उभी राहिले.

"डाव्याला आत टाच नाही. बोटभर उंची कमी आहे. कंबर मोडेल. कुणी केलं हे?" आवाज चढलेला. मी म्हटलं, बाजारातून घेतले. "बाजारातून!" म्हणाले. "काढा. बसा इथे. अहो, उभ्या काय राहिलात, बसा."

मला अहो म्हणाले, आत्या. तेव्हाच कळलं.

मी बसले. बूट काढले. त्यांनी मोजपट्टी न घेता पाय नुसता हातात धरला. अंगठा तळव्यावरून टाचेकडे नेला, जसा नेहमी न्यायचे, गुदगुल्या होऊ नयेत म्हणून जरा दाबून. टाचेशी थांबले. पुन्हा पुढून मागे नेला. तिसऱ्यांदा नेला. मग पाय माझ्याच गुडघ्यावर हळूच ठेवून उठले. मला वाटलं, मोजमापाची वही आणायला गेले. ते टेबलाकडे गेले. बत्तीस लाकडं पडली होती तशीच. त्यातून एकदाच हात घातला आणि सोळावा जोड उचलून आणला. डावा फर्मा माझ्या डाव्या पायाला लावून बघितला. बरोबर बसला, फक्त चवड्याशी थोडा कमी.

म्हणाले, "जरा भरलाय. नऊ-दहा वर्षं झाली असणार."

मी विचारलं, कुणाचा आहे हा?

"माझा," म्हणाले. आणि मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. नाव आलं नाही. मी वाट बघितली नाही असं नाही, पण आलं नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या पायाला कातडं गुंडाळलं, लादी गार होती म्हणून. तेवढ्यात तू आलीस.

नंतरच्या आठ दिवसांत दोनदा टकू म्हणाले, ते तू ऐकलंस. एकदा ताई म्हणाले. मला आता कशाचंही वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण नऊ वर्षं जे वाटत होतं ते नाही.

दर वर्षी लिहून न टाकलेली पत्रं मी तिथेच ठेवून आलेय. फर्म्यांच्या पेटीत, कातड्याखाली. वाचून दाखवायची की नाही ते तू ठरव.

टकू

ता. ३ मे

टकू,

पत्रं वाचून दाखवली. रोज एक. चांगल्या दिवसाची वाट बघत बसले नाही, कारण तो दिवस कधी येतो आणि कधी नाही. दोन पत्रांना हसला. एकाला म्हणाला, "या पोरीला कुणीतरी समजावायला हवं." मी म्हटलं, कुणी? म्हणाला, "तिच्या बापाने." मी पुढे वाचत राहिले, दुसरं काय करणार?

आडव्या रेघेवाला सापडला. पोस्टमनचा भाऊ. दोन वर्षं बाहेरगावी होता, जुने बूट फाटले म्हणून आला. आता फक्त पक्षी राहिलाय. त्याच्या मालकाच्या जागी रिकामं आहे, आणि मी रोज बघते. येईल तो किंवा ती. पाय आहे म्हणजे माणूस असणारच कुठेतरी.

तुझा सतरावा फर्मा झाला. त्याने नवीन लाकूड घेतलं, जुन्याला हात लावला नाही. रोज सकाळी कानस हातात घेऊन मला विचारायचा, हे कुणाचं काम चाललंय? मी कॉम्प्युटर उघडायचे आणि वाचून दाखवायचे. मालक, याच्यापुढे त्याचं नाव. खाली तुझं नाव मी नंतर घालून बघितलं. तूच म्हणाली होतीस ना, कितीही भरता येतील? तर एका फर्म्याला दोन मालक का चालू नयेत? पण चाललं नाही, लाल झालं. मग मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "टकू. याची मुलगी." पक्कं केलं. तो ऐकून घ्यायचा आणि रोज एकच म्हणायचा, "मग नीट करायला हवा."

बारा दिवसांचं काम, एकवीस दिवस लागले. एकदा उजव्याची टाच डाव्याला लावून बसला, ती मी उसवून दिली. तेवढं सोडलं तर टाका न् टाका त्याचा. बघशीलच.

बूट याबरोबरच्या खोक्यात आहेत. काल मी गुंडाळत होते, तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला. कुणाला पाठवतेस, असं त्याने विचारलं नाही. बोटाने डाव्याची टाच दाबून बघितली, खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाला,

"आठ दिवस घाला म्हणावं. दुखलं तर या."

मी "घाल" आणि "ये" असं लिहितेय. तेवढं भाषांतर मला येतं.

आत्या